यंत्रानुवाद आणि अभ्यासाची परंपरा

१

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणते व्यवसाय टिकतील आणि कोणते लयास जातील, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याच्या चर्चेला जवळजवळ ज्योतिषाचे स्वरूप आले आहे. साहित्यसमीक्षेने या भविष्यकथनात सहभागी होण्याचे कारण नाही. मात्र या चर्चेत 'कौशल्य' ही संज्ञा ज्या निःशंकपणे वापरली जाते, तिची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम आहे. कौशल्य ही जणू एखादी वस्तू आहे; ती आज माणसाजवळ आहे, उद्या यंत्राजवळ जाईल आणि या हस्तांतरात तिच्या स्वरूपात काही फरक पडणार नाही, असे येथे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक अनुवादाच्या संदर्भात तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अनुवादाचे क्षेत्र निवडण्यास दोन कारणे आहेत. आकडेमोडीपलीकडची जी कामे संगणकाकडून करून घेण्याची स्वप्ने अगदी आरंभी पाहिली गेली, त्यांत अनुवाद अग्रभागी होता. दुसरे कारण आपल्या समीक्षाव्यवहाराशी निगडित आहे. भाषांतर, अनुवाद, रूपांतर अशी एक श्रेणी मराठी समीक्षेने मांडली आणि तिच्या तळाशी 'शब्दशः', 'यांत्रिक' भाषांतराला बसवले. अनुवाद करणारे यंत्र आपल्या हाती येण्यापूर्वीच 'यांत्रिक' हे विशेषण आपण माणसांच्या कामाला लावून मोकळे झालो होतो. आज यंत्राने जो प्रदेश प्रथम व्यापला आहे, तो आपणच 'यांत्रिक' म्हणून सोडून दिलेला प्रदेश आहे, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही.

यंत्रानुवादामुळे धोक्यात येते ते थोर अनुवादकाचे शिखरावरील कर्तृत्व नव्हे. त्या शिखराकडे जाणाऱ्या खालच्या पायऱ्या धोक्यात येतात, आणि या पायऱ्यांचे मोल ओळखणारी कौशल्यविषयक संकल्पना आपल्या प्रचलित समीक्षेत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

यंत्रानुवादाचा इतिहास हा 'अनुवाद म्हणजे काय' या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचाही इतिहास आहे. वॉरन वीव्हर यांनी १९४९ साली लिहिलेल्या टिपणात, परभाषेतील मजकूर म्हणजे संकेतलिपीत लिहिलेले इंग्रजीच होय, असे मानून पाहण्याची कल्पना मांडली होती. महायुद्धात गुप्त संदेश उलगडण्याच्या विद्येला जे यश मिळाले, त्याची छाया या कल्पनेवर स्पष्ट दिसते. अर्थ भाषेच्या आधी आणि भाषेवाचून अस्तित्वात असतो. भाषा हे त्याचे केवळ वेष्टन, ही तिच्यामागची धारणा होय. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात अवघे २५० शब्द आणि ६ नियम यांच्या आधारे साठाहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणली गेली. त्यातून निर्माण झालेल्या अपेक्षा फार काळ टिकल्या नाहीत. अमेरिकन शासनाच्या पुढाकाराने नेमलेल्या 'अल्पॅक' समितीने १९६६ च्या अहवालात यंत्रानुवाद हा मानवी अनुवादापेक्षा मंद, कमी अचूक आणि अधिक खर्चिक असल्याचा निष्कर्ष काढला आणि या संशोधनाचा निधी आटला.

समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक वळण आले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. आयबीएममधील संशोधकांनी व्याकरणाचे नियम यंत्राला शिकवण्याचा आग्रह सोडला आणि कॅनडाच्या संसदेच्या कामकाजाचे इंग्रजी व फ्रेंच भाषांतील समांतर वृत्तान्त यंत्रापुढे ठेवले. कोणत्या शब्दासमोर कोणता शब्द किती वेळा येतो, याच्या संख्याशास्त्रीय हिशेबातून अनुवाद घडू लागला. २०१६ पासून रूढ झालेल्या मज्जाजालाधारित पद्धती आणि २०१७ साली मांडली गेलेली 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना यांनी हा हिशेब कल्पनातीत सूक्ष्म केला. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. यंत्र भाषेच्या नियमांवरून शिकत नाही. माणसांनी आधी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून शिकते, आणि अनुवादाच्या बाबतीत अनुवादकांनी आधी करून ठेवलेल्या कामावरून. कॅनडाच्या संसदेतील ज्या अनुवादकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वृत्तान्त दुसऱ्या भाषेत नेले, त्यांची नावे या इतिहासात कोणी घेत नाही. मार्क्सच्या परिभाषेत बोलायचे तर यंत्राचे कौशल्य म्हणजे साठवलेले मृत श्रम होत. जिवंत श्रमाशी ते स्पर्धा करतात, पण त्या श्रमावाचून ते निर्माणच होऊ शकत नाहीत.

मराठीच्या बाबतीत या साठ्याचे स्वरूप विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गुगलच्या अनुवादसेवेत मराठीचा समावेश २०१३ साली झाला आणि मज्जाजालाधारित पद्धती मराठीला २०१७ साली लागू झाली. इंग्रजी आणि ११ भारतीय भाषांतील समांतर वाक्यांचा 'समानांतर' हा मोठा संग्रह २०२१ साली प्रसिद्ध झाला. असे संग्रह जेथून उभे राहतात ती स्थळे म्हणजे मुख्यतः शासकीय प्रसिद्धिपत्रके, वृत्तसंस्थांचा मजकूर, संकेतस्थळे. याचा अर्थ असा की यंत्र जी मराठी शिकते, ती बहुतांशी आधीच अनुवादित झालेली मराठी असते. 'करण्यात आले आहे', 'च्या द्वारे', 'या संदर्भात बोलताना ते म्हणाले' अशा वळणांची ही मराठी आहे. घरातली, शिवारातली, माजघरातली मराठी तिच्यात अपवादानेच उतरते. यंत्राने लिहिलेला मजकूर पुन्हा संकेतस्थळांवर जातो आणि पुढच्या यंत्राच्या शिक्षणाची सामग्री होतो. भाषेच्या एका अरुंद पट्ट्याला असे प्रमाणत्व मिळत जाणे, हा नोकऱ्यांच्या प्रश्नाहून वेगळा वाटला तरी त्याच प्रश्नाचा भाग आहे; कारण श्रम कोणाचे आणि कशा प्रकारचे साठवले गेले, यावरच यंत्राची भाषा ठरते.

३

यंत्र एखादे काम हिरावून घेते असे आपण म्हणतो, तेव्हा एक मधली पायरी नजरेआड होते. काम यंत्राकडे जाण्यापूर्वी ते यंत्रयोग्य व्हावे लागते. याचे अभिजात उदाहरण फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या दशकातील आहे. लॉगॅरिदमची विस्तृत कोष्टके तयार करण्याचे काम गास्पार द प्रोनी याच्याकडे आले, तेव्हा अ‍ॅडम स्मिथचे श्रमविभागणीचे तत्त्व त्याने बौद्धिक कामाला लावले. वरच्या स्तरावर मोजके गणिती सूत्रे ठरवत. मधला स्तर त्या सूत्रांचे आकड्यांत रूपांतर करी. आणि तळाचा, ६० ते ८० जणांचा गट केवळ बेरीज-वजाबाकी करी. या तळाच्या गटातील बहुतेकांना त्यापलीकडचे गणित येत नव्हते. चार्ल्स बॅबेजने १८३२ च्या आपल्या ग्रंथात या योजनेचे सविस्तर वर्णन केले आहे, आणि त्याचे गणनयंत्र तळाच्या गटाचीच जागा घेणार होते. म्हणजे माणसे यंत्रवत झाल्यावर यंत्र आले. हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ साली संकल्पन आणि अंमलबजावणी यांच्या विभक्तीकरणाचा जो सिद्धान्त मांडला, त्याचे बीज येथे आहे.

अनुवादाच्या व्यवसायात हीच प्रक्रिया १९९० च्या दशकापासून घडत आली. 'अनुवादस्मृती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींनी संहितेचे वाक्यावाक्यांत तुकडे केले. पूर्वी अनुवादित झालेल्या वाक्याशी नवे वाक्य जुळले की जुना अनुवाद समोर येई आणि जितकी जुळणी अधिक, तितका त्या वाक्याचा मोबदला कमी. संहिता ही परस्परसंबद्ध अर्थरचना न राहता सुट्या वाक्यांची रास झाली. अनुवादकाची पुढची नेमणूक याच तर्काने ठरली. आता यंत्र पहिला खर्डा देते आणि अनुवादकाला तो 'तपासून देण्यास' सांगितले जाते. या यंत्रोत्तर संपादनाचा दर अनुवादाच्या दराहून सामान्यतः कमी असतो. कारण अनुवाद 'झालेलाच' आहे, उरले आहे ते किरकोळ काम, असे मानले जाते.

हे काम खरोखर किरकोळ आहे काय? खर्डा तपासणारा कोणत्या ज्ञानाच्या बळावर तपासतो, आणि ते ज्ञान त्याला कोठून मिळते? या प्रश्नांकडे वळण्यासाठी आपल्या काव्यशास्त्राचा आधार घेणे उपयुक्त ठरेल.

४

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यनिर्मितीचा हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिघांचा उल्लेख केला आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की ही तीन वेगवेगळी कारणे नव्हेत. तिन्ही मिळून एकच कारण होते, हे दर्शवण्यासाठी मम्मट 'हेतू' हा शब्द जाणीवपूर्वक एकवचनात योजतो. दुसरी अशी की अभ्यास म्हणजे नुसती पुनरावृत्ती नव्हे. काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीखाली केलेला तो सराव आहे. आधुनिक मराठी समीक्षेने स्वच्छंदतावादी प्रभावाखाली या त्रयीतील शक्तीला, म्हणजे प्रतिभेला, अवाजवी महत्त्व दिले आणि अभ्यासाला कारागिरीच्या खात्यात टाकले. प्रतिभा आणि कारागिरी यांची अशी फारकत केल्यावर, यंत्र कारागिरी करील आणि माणूस प्रतिभेसाठी मोकळा होईल, हे आजचे आश्वासन आपल्याला सहज पटते. मम्मटाला ते पटले नसते. अभ्यास वजा केल्यावर उरणारी प्रतिभा त्याच्या दृष्टीने काव्याचा हेतूच होऊ शकत नाही.

राजशेखराने कारयित्री आणि भावयित्री अशा द्विविध प्रतिभेचा विचार केला आहे. एक निर्मिती करणारी, दुसरी आस्वाद घेऊन पारख करणारी. यंत्रोत्तर संपादनाची सारी व्यवस्था अशा गृहीतकावर उभी आहे की कारयित्री यंत्राकडे सोपवावी आणि माणसाने भावयित्री तेवढी जवळ ठेवावी. या दोहोंत भेद असला तरी अनुवादासारख्या व्यवहारात दुसरी पहिलीच्या सहवासातच वाढते. एका शब्दासाठी पाच पर्याय ज्याने स्वतः शोधले, त्यांतले चार टाकले आणि टाकताना काय गमावले हे अनुभवले, त्यालाच दुसऱ्याच्या निवडीमागचे मोल कळते.

मराठी गद्याचा इतिहास याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात शिक्षणखात्याच्या आश्रयाने झालेल्या भाषांतरांची 'भाषांतरयुग' म्हणून काहीशा तुच्छतेने बोळवण केली जाते. परंतु कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी शालेय व शास्त्रीय विषयांचे उपयुक्त गद्य लिहिले, अरबी कथा मराठीत आणल्या आणि 'मेघदूता'चा पद्यानुवादही केला. उपयुक्त आणि ललित ही कामे एकाच हाताने केली. जॉन्सनच्या 'रासेलस'चे त्यांनी आरंभलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केले आणि पुढे १८७४ साली 'निबंधमाला' सुरू झाली. 'निबंधमाले'तील दीर्घ, तोललेल्या वाक्याची घडण इंग्रजी गद्य मराठीत वळवण्याच्या या सरावापासून वेगळी काढून समजणार नाही. काव्यज्ञाच्या शिकवणुकीखालील अभ्यास तो हाच. विसाव्या शतकातील उदाहरण विंदा करंदीकरांचे. अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७), 'फाउस्ट' (१९६५), 'राजा लिअर' (१९७४) आणि 'अमृतानुभवा'चे अर्वाचीन मराठीकरण (१९८१) ही कामे त्यांच्या स्वतंत्र कवितेच्या समांतर चालली होती. वाल्टर बेंजामिनचा अनुवादकाच्या कार्याविषयीचा सुप्रसिद्ध निबंधही (१९२३) त्याने स्वतः केलेल्या बोदलेअरच्या अनुवादाची प्रस्तावना म्हणून लिहिला गेला, हे विसरून चालणार नाही. तेथेही सिद्धान्त सरावाच्या पाठीमागून आला आहे.

५

अभ्यासातून नेमके काय मिळते, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.

इंग्रजीतील उत्तमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन पर्याय आहेत. ऐकणाऱ्याला वगळायचे की सामील करून घ्यायचे, हे सांगितल्यावाचून मराठीत वाक्यच पूर्ण होत नाही. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात 'आम्ही' आहे. तेथे ऐकणारेही आपणच असल्याने 'आपण'चा विचार करता आला असता. परंतु ते जगासमोर केलेले उच्चारण आहे आणि त्या उच्चारणाचा अधिकार 'आम्ही'त आहे. ही निवड व्याकरणाची नाही. बोलणारा समुदाय कोणता, याविषयीचा तो अन्वयार्थ आहे. एखाद्या राजकीय निबंधात लेखक कधी वाचकाला सोबत घेतो आणि कधी त्याच्यापासून अंतर राखतो, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. यंत्रही कोणतातरी पर्याय निवडते, आणि पुष्कळदा तो योग्यही असतो. परंतु येथे निवड झाली आहे, ही गोष्टच त्याच्या सफाईदार वाक्यात दिसेनाशी होते.

दुसरे उदाहरण जनेट विंटरसनच्या 'रिटन ऑन द बॉडी' (१९९२) या कादंबरीचे. हिच्यातील निवेदकाचे लिंग लेखिकेने अखेरपर्यंत उघड केलेले नाही. इंग्रजीत हे तुलनेने सुकर आहे. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले', 'मी जातो' आणि 'मी जाते' यांपैकी एक पत्करताच कादंबरीचे मर्म नाहीसे होते. पण मराठीत वाटाच नाहीत असे नाही. 'मी पत्र वाचले' या रचनेत क्रियापद कर्माच्या मागे जाते. 'म्हणालो–म्हणाले' ऐवजी 'म्हटले' योजता येते. भविष्यकाळी 'जाईन' लिंगनिरपेक्ष आहे. आणि 'मी जाई, बसे, वाट पाही' हा जुन्या गद्यातला रीतिभूतकाळ निवेदकाचे लिंग झाकून आठवणीचा सूरही देतो. आज वापरातून मागे पडत चाललेला हा काळ अशा अनुवादात अकस्मात जिवंत होऊ शकतो. भाषेच्या कोठारात काय पडून आहे हे असे अडल्यावरच कळते.

यंत्राला स्पष्ट सूचना दिल्यास तेही लिंगनिरपेक्ष वाक्ये घडवू शकेल, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. मात्र सूचना देण्यासाठी प्रश्न आधी दिसावा लागतो. यंत्राच्या खर्ड्यात 'मी गेलो' हे वाक्य इतके निर्दोष असते की त्यात काही चुकले आहे असे वाटण्याचे कारणच उरत नाही. जुन्या यंत्रानुवादातील ओबडधोबड चुका स्वतःहून बोलत. आजच्या खर्ड्याचे दोष त्याच्या सफाईखाली दडलेले असतात. तो तपासण्यास पूर्वीपेक्षा अधिक मुरलेला अनुवादक हवा, आणि नेमकी ही मुरण्याची संधीच नव्या व्यवस्थेत आक्रसत आहे. जाहिराती, पत्रके, नियमावल्या, माहितीपटांची संहिता, वृत्तपत्रांसाठीचे घाईचे अनुवाद ही अप्रतिष्ठित कामे अनेकांची शाळा होती आणि उपजीविकाही. यंत्राने प्रथम हीच घेतली.

६

दोन प्रतिवादांचा विचार येथे केला पाहिजे. पहिला प्रतिवाद ज्ञानाच्या उपलब्धतेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली न्यायनिर्णयांच्या भारतीय भाषांतील अनुवादासाठी 'सुवास' ही प्रणाली स्वीकारली आणि तिच्यात मराठीचाही समावेश आहे. ज्या पक्षकाराला आपल्याच खटल्याचा निकाल वाचता येत नव्हता, त्याला तो आपल्या भाषेत मिळणे ही लोकशाहीच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. एवढे काम माणसांच्या हातून झालेही नसते. अनुवादकांच्या उपजीविकेसाठी पक्षकाराने इंग्रजीच्या दाराबाहेर तिष्ठत राहावे, असे कोणी म्हणू नये. परंतु याच क्षेत्रात, अपील दाखल करून घेण्याची अनुमती सांगणाऱ्या इंग्रजी संज्ञेचे 'रजा मंजूर' होऊ शकते. आणि ते कोणी पकडायचे, हा प्रश्न उरतोच. अनुवाद जितका विपुल होईल, तितकी जाणत्या वाचकांची गरज वाढेल. उपलब्धतेचा युक्तिवाद अनुवादकाची गरज संपवत नाही, ती वाढवतो.

दुसरा प्रतिवाद इतिहासाचा आहे. खिळे जुळवणारा जुळारी संगणकीय अक्षरजुळणीमुळे मुद्रणालयातून नाहीसा झाला; तरी मराठी साहित्य थांबले नाही. मग अनुवादकाविषयीच हळहळ का? जुळाऱ्याच्या उपजीविकेची हानी खरीच होती आणि तिची दखल आपण पुरेशी घेतली नाही. पण दोन्ही कामांच्या स्वरूपात मूलभूत फरक आहे. जुळाऱ्यापुढे हस्तलिखित असे. बरोबर काय आणि चूक काय हे त्याच्याशी ताडून ठरवता येई. अनुवादकापुढे मूळ संहिता असते, पण तिच्याशी ताडून एकच 'बरोबर' मराठी वाक्य काढता येत नाही. ते वाक्य अनुवादापूर्वी कोठेच नसते. निकष आणि कृती जेथे एकाच वेळी घडतात, तेथे कृती दुसऱ्याकडे देऊन निकष स्वतःजवळ ठेवता येत नाही.

७

या विवेचनातून समीक्षेवर काही जबाबदाऱ्या येतात. 'यंत्राला आत्मा नाही' अशा घोषणांनी काही साधणार नाही. त्या घोषणाही प्रतिभा आणि कारागिरी यांच्या जुन्या फारकतीवरच उभ्या आहेत. त्याऐवजी अनुवादित पुस्तकाचे परीक्षण करताना 'अनुवाद ओघवता झाला आहे' या एका वाक्यावर भागवण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ओघवतेपणा यंत्रालाही साधला असल्याने तो यापुढे गुणवत्तेचा निकष राहिलेला नाही. अनुवादकाने कोठे निवड केली, काय सोडले आणि भाषेच्या कोणत्या साठ्याला हात घातला, हे दाखवणारी परीक्षणे हवीत.

दुसरी जबाबदारी विद्यापीठीय अध्यापनाची आहे. अनुवादाच्या अभ्यासक्रमात यंत्राचा उपयोग शिकवला जावा. परंतु तो कोऱ्या कागदावरील सरावाच्या जागी नव्हे, त्याच्या नंतर. विद्यार्थ्याने प्रथम स्वतः अडावे, मग यंत्राचा खर्डा पाहावा. हा क्रम उलटला तर त्याला अडायचे कोठे हेच कळणार नाही. अनुवादाच्या खालच्या पायऱ्या बाजार आता सांभाळणार नसेल, तर मासिके, अनुवाद प्रसिद्ध करणाऱ्या संस्था आणि विद्यापीठे यांनी त्या जाणीवपूर्वक आणि समोबदला उभ्या केल्या पाहिजेत. यासाठी अनुदान मागताना आपण संस्कृतिरक्षणाची भाषा बोलू नये. यंत्रही ज्या साठ्यावर जगते, तो साठा कोणीतरी निर्माण करावा लागतो, एवढी साधी गोष्ट सांगितली तरी पुरे.

मम्मटाचे एकवचन शेवटी याच ठिकाणी महत्त्वाचे ठरते. शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांची वाटणी माणूस आणि यंत्र यांत करता येईल, असे मानणारी अर्थव्यवस्था आज उभी राहत आहे. ही वाटणी सैद्धान्तिक दृष्ट्या असमर्थनीय आहे, हे दाखवून देणे समीक्षेच्या हाती आहे. आणि ते काम तिने स्वतःच्या मूल्यश्रेणीपासून सुरू केले पाहिजे.